न मारलेली हाक
दवाखान्यात तिला सगळे कानताई म्हणतात. काम कान तपासण्याचं. भिंतींना जाड फोम लावलेल्या खोलीत पेशंटला बसवायचं, हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि दार लावून बाहेर यंत्रापाशी बसायचं. आवाज आला की पेशंट बटण दाबतो, बाहेर दिवा लागतो. आवाज न येताच बटण दाबणारे महाभागही असतात, विशेषतः बायकोने ओढून आणलेले नवरे. कानताई त्यांना बरोबर पकडते. पण त्या खोलीत ती स्वतः एकटी कधी थांबत नाही. एकदा हेडफोनची वायर बदलायला आत गेली, दार आपोआप लागलं आणि त्या ठार शांततेत पाठीमागून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "आहे!" वायर तशीच टाकून ती बाहेर पळाली. तेव्हापासून आतली दुरुस्ती शिपाई करतो.

तो आवाज भोंग्याचा, हे तिला पक्कं ठाऊक आहे. भोंगा म्हणजे तिची कॉलेजातली जिवाभावाची मैत्रीण. कुजबुजली तरी तीन बाकांपर्यंत ऐकू जायचं, म्हणून हे नाव. शेवटची परीक्षा संपल्यावर घरच्यांचं डोकं खाऊन, पाठीवर सॅक टाकून दोघी परदेशात भटकायला गेल्या. तिथल्या डोंगरवाटा अरुंद आणि सॅक डोक्याच्याही वर गेलेली. मान वळवून मागचं काही दिसायचं नाही. म्हणून त्यांनी एक रीत पाडली. पुढचीने दर वळणावर "आहेस?" विचारायचं, मागचीने "आहे!" म्हणायचं.

पाचव्या आठवड्यात दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून, तर मोज्यांवरून. कानताईचे शेवटचे कोरडे मोजे भोंग्याने न विचारता घातले होते. बाविसाव्या वर्षी माणसं एवढ्यावरूनही अबोला धरतात. त्या दिवशी खिंड उतरताना कानताई पुढे होती, गाल फुगवून. एकाही वळणावर तिने विचारलं नाही. मध्येच मागून आवाज आला, "आहे!" जरा वेळाने पुन्हा, "आहे!" तिसऱ्यांदा बारीक. कानताईला वाटलं, आली बाई लाडीगोडी लावायला. बस म्हणावं आता बोंबलत. ती चालत राहिली.

संध्याकाळी मुक्कामावर भोंगा पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शोधायला गेलेल्या माणसांना ती वाटेच्या खाली घळीत सापडली. पाय मोडलेला, अंगावर बर्फ. त्या तिन्ही हाका तिने तिथूनच दिल्या होत्या.

परत आल्यावर भोंग्याच्या आईला कानताईने सांगितलं, "मी हाका मारत होते, मावशी. एका वळणावर उत्तरच आलं नाही." मावशींनी त्यातून आपला अर्थ काढला: पोर पडली आणि क्षणात गेली, तिला काही कळलंही नसेल. या एका समजुतीवर त्या माउलीने सतरा वर्षं काढली. भेटेल त्याला तेच सांगितलं. आणि कानताई दर वेळी शेजारी बसून मान डोलवत राहिली. भित्री होती, दुसरं काय!

परवा मावशीच तपासणीला आल्या. "दारावरची बेल ऐकू येत नाही गं हल्ली." दोन्ही कानांचं ऐकणं बरंच उतरलं होतं. शेवटी शब्दांची चाचणी राहिली. कानताईने बाहेरून माइकवर शब्द म्हणायचा, मावशींनी ऐकू येईल तसा आतून परत म्हणायचा.

"चादर."

"चादर."

"खिडकी."

"खिडकी."

काचेपलीकडे मावशी शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसल्या होत्या. एकही शब्द चुकू नये म्हणून कपाळाला आठ्या. आणखी दोन-चार वर्षांनी यांना काहीच ऐकू जाणार नाही, कानताईच्या मनात आलं. मग सांगायचं कुणाला? तिने शब्दांचा कागद बाजूला सारला. आवाज मात्र मुद्दाम खाली आणला. ऐकू गेलं नाही तर सुटले, असं अर्धं मन म्हणत होतं.

"मी हाक मारली नव्हती."

"मी हाक मारली नव्हती," मावशी आतून म्हणाल्या. म्हणून झाल्यावर त्यांना त्याचा अर्थ लागला. त्यांनी काचेतून पाहिलं. "आवाज वाढव. पुढचं नीट सांग."

कानताईने आवाज वाढवला आणि सगळं सांगितलं. अबोला, वळणं, मागून आलेल्या तीन हाका. "मला ऐकू आलं होतं, मावशी. मी थांबले नाही." यातलं काहीच मावशींनी परत म्हटलं नाही.

हेडफोन काढून ठेवून त्या दार ढकलून बाहेर आल्या. आता शिव्या देतील, थोबाडीत मारतील, म्हणून कानताई वाट बघत उभी राहिली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे ती शुद्धीत होती," मावशी म्हणाल्या.

"हो."

"आई म्हणून ओरडली का गं? एकदा तरी?"

हो म्हणणं किती सोपं होतं. मावशी तिच्या ओठांकडे बघत होत्या, एक अक्षरही सुटू नये म्हणून.

"नाही, मावशी," कानताई मोठ्याने, स्पष्ट म्हणाली. "मलाच बोलवत होती."