अर्धा तास कापूस दाबून धरा!

भोरला दातांचा दवाखाना थाटून आता बरीच वर्षं झाली. दाढ काढून घ्यायला आलेला माणूस जाताना दाढ ठेवून जातो आणि वर एक किस्साही. दाढ आम्ही जैविक कचऱ्याच्या सरकारी पिवळ्या पिशवीत टाकतो. किश्शांसाठी सरकारने अजून पिशवी दिलेली नाही, त्यामुळे ते सगळे माझ्या डोक्यात साठलेत!

* * *

भोंगवलीचे एक काका सकाळी पहिला नंबर लावून बसले. सुनीता, म्हणजे माझी असिस्टंट, नाव पुकारायची आणि काका शेजारच्याला म्हणायचे, "तुमी जावा पुढं, तुमची एसटी चुकंल."

असे सात जण पुढे गेले. दीड वाजता बाकडं रिकामं झालं. सुनीता म्हणाली, "काका, आता कोणीच नाही."

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "ताई, तुमचं दात कदी दावलं का मॅडमला?"

शेवटी बसले. इंजेक्शन धरून वीस मिनिटांत दाढ बाहेर! काका उठले ते माझ्यावरच चिडून. "एवढंच हुतं, तर सकाळीच सांगायचं न्हाई का?"

* * *

भूल दिली की ओठ तासन्‌तास बधिर राहतो आणि जीभ जड होते. त्यात तोंडात कापूस. म्हणून मी बजावते, अर्धा तास बोलायचं नाही. शिवऱ्याच्या एका टेम्पोवाल्या भाऊंना नेमका तेव्हाच बायकोचा फोन आला आणि त्यांनी तो उचलला. त्यांचं ते बोबडं ऐकून पलीकडून आवाज चढला, "भर दुपारी ढोसून बसलाय व्हय?"

मी घाईघाईने फोन घेतला. "वहिनी, ते प्यायलेले नाहीत हो! इथे माझ्याजवळच बसलेत."

पलीकडचा आवाज आणखी चढला, "आन तुमी कोन?"

* * *

उत्रोलीच्या आजींना मी सांगितलं होतं, थुंकायचं नाही, गार खायचं आणि आठवडाभर तंबाखूच्या मिश्रीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्या हजर, जखमेतून रक्त चालू!

"आजी, मिश्री लावली ना?"

"न्हाई गं माय! म्या हात बी लावला न्हाई," आजी शपथेवर म्हणाल्या. "सुनंनं लावली."

नवा कापूस दाबला, रक्त थांबलं. मला हायसं वाटलं. सुनेला मात्र मी फोनवर चांगलं झापलं.

* * *

इस्माईलचाचा बाजारपेठेत शिलाई मशीन घेऊन बसतात. वरची दाढ किडलेली, आत पू, गाल टम्म. तरी तीन महिने गोळ्यांवर ढकलत होते, कारण एकच. "वरची दाड काडली की नजर जाती. नजर गेली तर म्या सुई कशी ओवू?"

दाढेचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही, हे मी परोपरीने सांगितलं.

"तुमी शिकल्याल्या हाय," चाचा म्हणाले, "पर डोळं माजं हायती."

सूज वाढली तेव्हा नाइलाजाने आले. खुर्चीत बसताच डोळे मिटून घेतले. दाढ निघाली, मी कापूस ठेवला, तरी चाचा डोळे गच्च मिटूनच!

"चाचा, झालं. डोळे उघडा."

मानेनेच नाही म्हणाले. खरं सांगते, मलाच भीती वाटायला लागली. शेवटी त्यांनी हळूच डोळे उघडले आणि खिशातून सुई-दोरा काढला. सुनीताने श्वास रोखला, मीही. दोरा पहिल्याच झटक्यात आरपार! चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

ओवलेली सुई शिंप्याच्या हातात रिकामी थोडीच राहते? त्यांना माझ्या एप्रनच्या बाहीचं लोंबणारं बटण दिसलं. बोलता येत नव्हतं, म्हणून खुणेनेच त्यांनी मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं आणि टाका घातला. मध्येच थबकले. अंगावरचा कपडा शिवायचा तर तोंडात काहीतरी धरावं लागतं, नाहीतर अपशकुन! त्यांनी ट्रेकडे बोट दाखवलं. सुनीताने हसू दाबत कापसाचा एक बोळा माझ्या दातांत दिला. हलायचं नाही, अशी चाचांनी खूण केली. मी कापूस दाबून धरला.

तेवढ्यात पुढच्या नंबरच्या मावशी दार ढकलून आत डोकावल्या.

"आगं बया! चाचांनी मॅडमचीबी काडली व्हय?"