आत्याबाईंचं मंजन

माणसाचं तोंड बघून नशीब सांगणारे पुष्कळ असतील, पण तोंडाच्या आत बघून सांगणारी बाई साऱ्या मावळात एकच होती आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली. नात्यानं आतेसासू, म्हणजे माझ्या सासऱ्यांची सख्खी बहीण. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. मी लग्न होऊन चिंचवडात आले तेव्हा पन्नास साल उलटून दोन-चार वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर मोठा कारखाना उभा राहत होता, त्यात आमचे हे नुकतेच चिकटले होते, आणि मी सतरा वर्षांची, अंगानं काडी नि अकलेनं त्याहून बारीक. तिन्हीसांजेला माप ओलांडून घरात आले, तर अंधाऱ्या कोपऱ्यातून एक बाई पुढं झाली, माझी हनुवटी धरून वर केली आणि हसली. ओठ फाकले, पण आत काहीच नव्हतं. दात नाहीत, काही नाही, आडात वाकून बघावं तसा नुसता काळोख. त्या काळोखातून आवाज आला, "आ कर." मी घाबरून आ केला. "मिशरी," आवाज म्हणाला, "आन ती बी धाव्या वर्सापासनं. बाकी पोर चांगली हाय."

झालं. ही हडळ आहे असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. आता हसू येतं, पण तेव्हा आठ दिवस मी पदराच्या गाठीत बिब्बा बांधून हिंडत होते. हडळीचे पाय उलटे असतात एवढं ज्ञान मी माहेराहून आणलं होतं. एका दुपारी आत्याबाई घोंगडीवर आडव्या झालेल्या बघून मी रांगत गेले आणि लुगड्याचा काठ हळूच वर करून टाचा चाचपल्या. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "सरळच हायेत. पड जा जरा." पुढं कितीतरी दिवस मी त्यांना पाणीसुद्धा लांबून सरकवून द्यायची.

दात नव्हते असं नाही. बत्तीसच्या बत्तीस होते, पण दातवणानं काळेकुळकुळीत केलेले. हिरडा नि हिराकस घालून केलेली ती काळी पूड सवाष्ण बाईनं दातांना लावायची, हे जुन्या बायकांचं कुंकवासारखंच सौभाग्याचं लेणं. माझ्या वेळेपर्यंत ते बरंच मागं पडलं होतं. आत्याबाई मात्र दर शुक्रवारी न्हाऊन, डबी उघडून, आरशाशिवाय दात काळे करत. मला त्या म्हाताऱ्या वाटत. आज बोटं मोजते तर त्या तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. सतरा वर्षांच्या पोरीला दुसऱ्याचं वय कुठं कळतं!

त्यांना मात्र सगळ्यांचं कळे. त्यांचे वडील चाकणच्या बाजारात बैलांचा व्यापार करायचे आणि ही लेक लहानपणी त्यांच्या मागं मागं फिरायची. बैलाचं वय त्याच्या शिंगांवरून नाही, जबड्यावरून ओळखतात. दोन दात आले की दोनदाती, चार आले की चौसा, सगळे आले की जुळलेला. ती विद्या आत्याबाईंनी पुढं माणसांना लावली. दारात आलेल्याचा चेहरा त्या नंतर बघत. पिंपळे गुरवचं एक स्थळ शेजारच्या पोरीला बघायला आलं, मुलगा पंचविशीचा म्हणून सांगितलेला. आत्याबाईंनी त्याला कौतुकानं उसाचं कांडं सोलायला दिलं, तो दातांनी साल ओढत असताना समोर उकिडव्या बसून टक लावून बघितलं आणि भर बैठकीत म्हणाल्या, "लई दिस झालं जुळून. चाळिशीचा हाय." पाहुणे चहा न घेताच उठले. कोनाड्यात त्यांची आणखी एक पितळी डबी होती, तिच्यात गल्लीतल्या पोरांचे पडलेले दुधाचे दात. एखादं पोर फार कोकलायला लागलं की त्या ती डबी कानाशी नेऊन नुसती खुळखुळवत. पोर गप्प. खरं सांगते, मीसुद्धा गप्प. "दात म्हंजी हाडं," त्या म्हणत. "मेल्याबिगर दिसनारी येवढीच. म्हून जपून दावावी."

आता माझी अक्कल ऐका. ह्यांनी कारखान्यातून एक कॅलेंडर आणलं, त्यावर टूथपेस्टची नळी धरून हसणारी एक गोरीपान बाई. "काय दात आहेत बघ," एवढंच म्हणाले बिचारे. मी दुसऱ्याच दिवशी न्हाणीत कोंडून घेतलं, विटकर कुटली, वर अख्खं लिंबू पिळलं आणि तांब्या घासावा तसे दात घासले. कॅलेंडरवाली व्हायचं राहिलं बाजूला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि गार पाण्याचा घोट घेतला तर कळ थेट मस्तकात. दार ढकलून आत्याबाई आत आल्या. रक्त बघून ओरडल्या नाहीत. "भांडी न्हाईत गं ती," म्हणाल्या. "वरचं पाणी खरवडून काडलंस तर पुन्ना चढत न्हाई. कल्हईवाला न्हाई मिळत दाताला."

मग त्यांनी मला मंजन शिकवलं. बाभळीच्या सालीचा कोळसा, तो खलून मलमलीतून तीनदा गाळायचा, बोटाला खरखर लागता कामा नये. त्यात चिमूटभर सैंधव, दोन लवंगा आणि तव्यावर फुलवलेली नखाएवढी तुरटी. बोटाच्या पेरानं, तेही हलक्या हातानं. "दात घासायचं नसत्यात, समजवायचं असत्यात," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. जेवण झालं की खळखळून चूळ, लिंबू लोणच्यात, वीट भिंतीत, आणि मिशरीचा डबा उकिरड्यावर. डब्यासाठी मी दोन दिवस रडले. पण महिन्याभरात आरशात एक अनोळखी बाई दिसायला लागली आणि ती बरी दिसत होती. मी विचारलं, "आत्याबाई, जगाचे दात पांढरे करता, मग तुमचे का काळे?" त्यांनी दातवणाच्या डबीचं झाकण लावलं. "कुनीतरी यायाचं हाय," म्हणाल्या.

ते कुणीतरी म्हणजे त्यांचे यजमान. आत्याबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, दोन वर्षं संसार झाला, आणि एका सकाळी नवरा चाकणच्या बाजाराला म्हणून गेला तो आलाच नाही. त्याला बावीस वर्षं झाली होती. सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं. तो मेला असं कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही कुणी सांगितलं नाही. म्हणून कुंकू, म्हणून दातवण.

आणि एका सकाळी तो आला. म्हणजे गावानं ठरवलं की तो आला. वाकडच्या रानातून चालत एक बैरागी येऊन आमच्या ओट्यावर बसला. मौन धरलेला. गल्लीतली कुत्री टपालवाल्यालासुद्धा सोडत नसत, पण ती त्याच्यावर भुंकली नाहीत. त्याच्या पायाशी येऊन बसली. कुणीतरी म्हणालं, नाक तसंच आहे. दुसरा म्हणाला, चालही तशीच. काही विचारलं की तो मान हलवी, ती होय म्हणून की नाही म्हणून ते कुणाला कळत नसे. सासूबाईंनी तर ओवाळायला ताट घेतलं. नणंद सुखानं आपल्या घरी जाईल आणि आपली चूल मोकळी होईल, हेही त्या ताटात होतंच. "वन्सं, अवो बघता काय! त्येच हायेत!"

आत्याबाई त्याच्यासमोर बसल्या. "आ करा," म्हणाल्या. चिलमीनं आणि तंबाखूनं त्याचे दात जळक्या लाकडासारखे झाले होते. "आमच्या मानसाच्या वरच्या दातावर पांढरा ठिपका हुता, तांदळाच्या कनीयेवढा. जल्मताचा. ह्या घानीत काय दिसनार?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मंजन आन. चौदा दिस लावीन, मंग सांगीन."

ते चौदा दिवस मी विसरणार नाही. रोज सकाळी तो माणूस ओट्यावर तोंड उघडून बसायचा आणि आत्याबाई बोटाच्या पेरानं एकेक दात समजवायच्या. बावीस वर्षांपूर्वीचा माणूस तांबूस राखेखालून तसूतसूनं वर येत होता, आणि तो कोण निघणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी बावळट पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची आणि मनात म्हणायची, राखेखालून नुसते दात निघताहेत तोवर बरं, उद्या आतून दुसराच कुणी बोलायला लागला तर? सहाव्या दिवशी तांबडं गेलं. दहाव्या दिवशी पिवळं. शुक्रवारी आत्याबाईंनी आपल्या दातांना दातवण लावलं, तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं आरसा मागितला.

चौदाव्या दिवशी सगळी गल्ली जमली. मी पितळी ताट उन्हात धरून त्याच्या तोंडात कवडसा पाडला. आणि दिसला. वरच्या ओळीत, सुळ्याच्या शेजारी, कणीएवढा पांढराशुभ्र ठिपका. "दिसला गं बाई!" सासूबाई किंचाळल्या. बायकांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

आत्याबाई हलल्या नाहीत. त्यांनी आपला डावा हात ओठाशी नेला, मग तो खाली घेऊन उजवा नेला, मग पुन्हा डावा. शेवटी म्हणाल्या, "न्हवं."

"अवो वन्सं, ठिपका!"

"ठिपका हाय. मानूस त्यो न्हवं."

त्यानं तोंड मिटलं, हात जोडले, झोळी उचलली आणि डोंगरघाटाकडं निघून गेला. कुत्री वेशीपर्यंत त्याच्यामागं गेली. तो कोण होता हे आजही कुणाला ठाऊक नाही.

दुपारी डाळ निवडताना मी विचारलंच. त्यांनी सुपातली डाळ बोटानं उगाच इकडची तिकडं केली. "ठिपका डाव्या अंगाला हुता का उजव्या, त्येच आठवंना मला. समोरून बगितलेला न्हवं का, माझं डावं त्येचं उजवं. दोन वर्सं बगितला आन बावीस वर्सं आठवला. आठवून आठवूनच झिजवला म्या."

"पण असतील तेच तर?"

"आसल बी," त्या शांतपणे म्हणाल्या. "चौदा दिस म्या त्येच्या तोंडात बगत हुते. त्यानं एकदा बी माझ्याकडं बगितलं न्हाई गं. ओळखायचं काय मी एकलीनंच?"

पुढच्या शुक्रवारी दातवणाची डबी कोनाड्यातून निघाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रोज सकाळी न्हाणीच्या दाराशी बसून त्या स्वतःला मंजन लावत. "नवऱ्याची काय खबर न्हाई आन दातवण सोडलं!" म्हणून सासूबाईंनी कपाळ बडवलं. "लोकांपुडं कंच्या तोंडानं जायाचं?" "ज्येला बोलायचं त्येला म्हनावं, आदी आ कर," आत्याबाई म्हणाल्या. दोन-अडीच महिने लागले. काळं उतरून राखाडी झालं, राखाडी उतरलं, आणि एका सकाळी त्या माझ्याकडं वळून हसल्या, तर माझ्या हातातला तांब्या पडला. दातवणाखाली ते दात जसेच्या तसे राहिले होते, सोळा वर्षांच्या पोरीचे, कोवळे, निळसर पांढरे. वाळलेल्या चेहऱ्यात कुणीतरी दुसरीच हसत होती, माझ्याहून वर्षानं लहान. त्यांनी जिभेनं एकेक दात चाचपला. "बरी हायेत की," म्हणाल्या. "चल, धुनं घे. लई दिस झालं चारचौघीत हसून."

आम्ही पवनेच्या घाटावर गेलो. बायका पिळे तसेच हातात धरून बघत राहिल्या. एकीनं पोराला जवळ ओढलं, दुसरी पाण्यात थुंकली. आत्याबाई पायऱ्या उतरत होत्या आणि एकेकीकडं बघून हसत होत्या, सगळ्यात शेवटी वळून माझ्याकडं. माझेही दात तोवर लख्ख झाले होते, त्यांनीच करून दिलेले. मी सतरा वर्षांची अतिशहाणी, लोक काय म्हणतील म्हणून तोंडाला पदर लावून उभी राहिले.