मागच्या खोलीतलं भैताड

त्या डबीला आमच्या घरात सगळे भैताड म्हणत. धाकट्या दिरानं ती सासूबाईंसाठी पुण्याहून आणली होती. बोललं की ऐकते, विचारलं की सांगते, असं तिचं कोडकौतुक करत त्यानं ती पिपरी मेघेच्या आमच्या घरात मागच्या खोलीतल्या फळीवर, सासूबाईंच्या औषधांच्या डब्याशेजारी ठेवली, स्वतःच्या मोबाईलला जोडली आणि तो परत गेला. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "काऊन व, आज नळ येईन का नाई?" डबी म्हणाली, माफ करा, मला समजलं नाही. "नळाचंबी समजत नाई इले! भैताडच हाय बाप्पा," सासूबाई म्हणाल्या, आणि तिचं बारसं झालं. मठ्ठ माणसाला आमच्याकडे असंच म्हणतात.

आपली बोली तिला कळत नाही, मग तिच्यासमोर काहीही बोललं तर काय बिघडतं, असं घरातले सगळे धरून चालले. मीसुद्धा! आणि माझं तर कामच दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवायचं.

मी बायांच्या हेल्पलाइनवर फोन घेते. संस्थेनं ऑफिसची जागा सोडली तेव्हापासून घरूनच. मागची खोली, दार लावलेलं, कानाला हेडफोन. पलीकडची बाई काय बोलते ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, आणि या बंदोबस्ताचा मला मोठा गर्व होता. पण आमच्या कामाची एक रीत आहे. बाईनं जे सांगितलं ते आपल्या तोंडानं तिला परत म्हणून दाखवायचं, म्हणजे आपलं कुणीतरी नीट ऐकलं हे तिला पटतं. मी म्हणून दाखवत असताना कधीकधी फळीवर डबीची निळी बत्ती पेटायची, कुणी हाक मारलेली नसताना. उठलं वाटते भैताड, असं म्हणून मी पुढचं बोलायला लागायची.

हिंगणघाटची एक बाई बरेच दिवस फोन करत होती. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो घराबाहेर पडला की ती बोलायची. तिला तो मारायचाच, आता पोरीवरही हात उचलायला लागला होता. शेवटी तिनं निघायचं ठरवलं. बुधवारी तिनं मला सगळा बेत सांगितला आणि मी तो रीतीप्रमाणे म्हणून दाखवला.

"म्हंजे शुक्रवारी ते कामावर गेले का तुमी पोरीच्या शाळेत जासान. तिले घेऊन तिकडूनच निंगसान. घरी वापस याचं नाई."

"हो ताई," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज थरथरत नव्हता. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दिराचा फोन आला. तो हसत होता. "वैनी, कोनाले पळवून राह्यल्या तुमी?"

"काय म्हनता, भाऊजी?"

"अव, बत्ती लागली का ते डबी बोलनं जमा करते. माह्या मोबाईलवर आयकू येते. तिले आपली बोली समजत नाई, पन मले तं समजते ना! भावांच्या ग्रुपवर टाकलं मी. सारे हसून राह्यले."

"काढा ते. आत्ताच्या आत्ता काढा!"

"एवढ्या काऊन तापता? नाव थोडंच हाय त्यात कोनाचं."

"भाऊजी, तिचा जीव जाईन!"

मी इतकी ओरडले की पुढच्या खोलीत झोपलेल्या सासूबाई धावत आल्या. दिरानं ते काढलं. पण त्याचा एक मावसभाऊ हिंगणघाटलाच राहतो. त्यानं ते आधीच गावातल्या दोस्तांना धाडलं होतं, आणि पुढे ते कुठंकुठं गेलं हे त्यालाही सांगता येईना. मी डबीची वायर उपटली आणि डबी अंगणात भिरकावली. आग लागो तिले!

संस्थेतल्या मॅडमला लगेच सांगितलं. त्या कडाडल्या, आणि कडाडायलाच हवं होतं. पण तिला फोन करू नको म्हणाल्या. आम्ही उलटा फोन कधीच करत नाही, तो नवऱ्याच्या हातात पडला तर संपलंच सगळं. म्हणजे तिचा फोन येईपर्यंत नुसतं बसून राहायचं. शाळा, पोरगी, शुक्रवार. ओळखायला एवढं पुरे होतं. दिराचा राग येत होता, त्याहून जास्त स्वतःच्या तोंडाचा.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला.

"ताई, तुमचा आवाज आयकला मी."

"कुठं?"

"आमच्या यायच्या मोबाईलवर. काल जेवता जेवता लावला. म्हने, आयक, कोनाची तं बायको पळून राह्यली. लय हसले. मीबी हसली, ताई. पोरगी माह्या तोंडाकडं पाहून राह्यलती."

"त्यायले शंका नाई आली?"

"नाई. माह्यात एवढी हिंमत असन, असं त्यायले वाटतच नाई."

मी माफी मागितली. पलीकडे कुठंतरी गाडीचा हॉर्न वाजला.

"मी निंगली, ताई. शाळेतून नाई. पोरगी संगंच हाय. कुठं चालली ते तुमाले नाई सांगत."

"नका सांगू," मी म्हणाले.

तरी सवयीनं तिचं बोलणं परत म्हणून दाखवायला माझं तोंड उघडलंच. तिनं फोन ठेवेपर्यंत मी ते हातानं दाबून धरलं.