काळ्या दोऱ्यातील निळा तुकडा

त्या वर्षी संक्रांतीचा हलवा वेळेआधीच तयार होऊन पत्र्याच्या डब्यात पडून होता, आणि आई दागिने करायला बसत नव्हती. घरात नवी सून होती. तिची पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा आणून ठेवलेली होती. पहिल्या संक्रांतीला सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने घालायचे आणि चाळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचे, हा रिवाज आमच्याकडे कोणी मोडला नव्हता. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही. एकेक दाणा दोऱ्याच्या फासात धरून बांधावा लागतो. हार, बांगड्या, बिंदी एवढे करायचे तर सवड हवी. आईला सवड होती. डबा फळीवर होता. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

सून म्हणजे माझी पत्नी. आईच्या मते तिच्या माहेरच्यांनी आम्हाला फसवले होते.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षे झाली होती. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. वडील हयात नव्हते. आई, मी आणि आता पत्नी असे तिघे डोंबिवलीत एका चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. चाळीच्या मागे भातशेती होती आणि पुढे सामाईक विहीर. माझी धाकटी बहीण कल्याणला दिलेली होती. तिचा मुलगा सहा-सात महिन्यांचा होता.

पत्नीचे माहेर ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ. लग्नात त्यांनी रुखवत मांडले होते. क्रोशाचे जाळीदार रुमाल, ताटावरची झाकणे, दाराचे तोरण. सगळे मुलीने स्वतः विणल्याचे तिच्या आईने चारचौघांत सांगितले. माझी आई क्रोशाची जाणकार. दर सणाला घरच्या माणसांना ती स्वतःच्या हातचे काही देत असे. विकतची भेट तिला भेट वाटत नसे. तिने त्यातला एक रुमाल हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. सून आईच्या मनात भरली त्यामागे माझ्यापेक्षा त्या रुमालाचा वाटा मोठा असावा.

दिवाळीत प्रकरण उघड झाले. भाऊबिजेला बहिणीला द्यायला एक रुमाल विणून दे, असे आईने सुनेला सांगितले. ती गॅलरीत, आईच्या नजरेसमोर विणायला बसली. सुई तिच्या बोटांत अवघडलेली दिसे. साखळी सैल पडे, खांब आखूड-लांब होत. शेजारच्या खोलीतील बाई पापड वाळत घालायला आल्या. त्यांनी तो रुमाल उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "काकू, हा खाडीवर पाठवा. कोळ्यांना जाळं म्हणून चालेल."

आई हसली नाही. रुमाल पेटीत गेला. बहिणीला आईने स्वतःचे जुने काम दिले.

त्या दिवसापासून घरात पाळत सुरू झाली. आईचे म्हणणे सरळ होते. रुखवत दुसऱ्या कुणाच्या हातचे आहे. जे सांगितले ते खोटे आहे. जे एका गोष्टीत खोटे बोलतात ते इतर गोष्टींतही बोललेच असणार. मुलीचे वय, शिक्षण, प्रकृती, सगळ्यावरच आता तिचा विश्वास उरला नाही. मला तिचे म्हणणे चुकीचे वाटले नाही. कचेरीत रोज मी असे कागद पाहत होतो की ज्यांत एक ओळ खोटी निघाली, म्हणजे बाकीच्या ओळीही तपासाव्या लागत. मी पत्नीला एकदाच विचारले, रुखवत कोणी केले. ती म्हणाली, मी. मग इथे का जमत नाही, असे विचारले. तिने उत्तर दिले नाही. उत्तर न देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे मला कचेरीतून ठाऊक होते. काय लपवतो, ते मात्र ठाऊक नव्हते.

पौष लागला. रेशनची साखर आईने बाजूला काढून ठेवली होती. हलवा करायला थंडी लागते, मंद शेगडी लागते आणि हात लागतो. परातीत खसखस घेऊन तिच्यावर चमच्याने थोडा थोडा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचे. फिरवणे थांबले की दाण्यावर काटा येत नाही. आईने सुनेला शेजारी बसवले. सुनेच्या हातून दाणे फिरले, पण गुळगुळीत राहिले. विहिरीवर गर्दी कमी झाली म्हणून आई पाणी आणायला गेली. परतली तेव्हा परातीतल्या दाण्यांवर काटा उभा राहिला होता, नाजूक आणि एकसारखा.

आईने शेगडीकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, मग दाराकडे.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"मग हे कोणी केलं?"

"मीच."

आईने शेजारणीच्या घरच्यांकडे आडून चौकशी केली. शेजारीण सकाळपासून कोपर गावी बहिणीकडे गेलेली होती. संशय कमी झाला नाही. उलट तो ठेवायला आता कोणी एक माणूस उरले नव्हते, म्हणून तो घरभर झाला. पाहणारे कोणी असले की सुनेला काही येत नाही. पाठ वळली की सगळे येते. याचा अर्थ एकच, पाठ वळली की दुसरे कोणी तरी येते.

पत्नीचा भाऊ अधूनमधून रविवारी येत असे. सोबत कापडी पिशवी असे. तिच्यात वालाच्या शेंगा असत, कधी घरचे पोहे. आईने मला त्या पिशवीकडे लक्ष ठेवायला सांगितले. मी ठेवले. तो पाणी प्यायला आत गेला तेव्हा मी पिशवी उचलून पाहिली. तळाशी शेंगांची माती होती. विणलेले काही नव्हते. मी आईला तसे सांगितले. ती म्हणाली, आज नसेल.

मग तिने परीक्षा ठरवली. बहिणीच्या मुलाचे बोरन्हाण संक्रांतीनंतर आमच्याकडेच व्हायचे होते. त्याला काळ्या दोऱ्याचे टोपरे हवे होते. ते सुनेने विणायचे. आईने मला बोलावून अट सांगितली. टोपरे सुनेच्या हातचे निघाले तर दागिने करीन. न निघाले तर तिने संक्रांतीआधी माहेरी जावे आणि रुखवतही बरोबर न्यावे. शिकून झाले की मग बघू.

मग बघू या शब्दांचा अर्थ मला कळत होता. पहिल्या संक्रांतीच्या तोंडावर रुखवतासह माहेरी परतलेली सून पुन्हा कशी आणायची, हे त्या काळी कोणाला ठाऊक नसे. ठाण्यात दोन दिवसांत सगळ्यांना कळले असते. मी आईला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. पत्नीला मात्र अट सांगितली. तिने ऐकून घेतले. डोळे खाली होते. मग ती तांदूळ निवडायला बसली.

आईने काळ्या दोऱ्याची गुंडी सुनेला देण्याआधी पूर्ण उलगडली. मधोमध दोरा तोडला आणि तेथे गडद निळ्या दोऱ्याचा वीतभर तुकडा जोडला. पुन्हा गुंडाळून गुंडी पहिल्यासारखी केली. निळा रंग इतका गडद होता की कंदिलाच्या उजेडात काळाच दिसे. बाहेरून तयार टोपरे आले तर त्यात तो तुकडा असणार नाही. आईचे डोके अशा वेळी चांगले चाले. कचेरीत मी मोहोर लावलेली पाकिटे हाताळत होतो, पण इतकी साधी मोहोर पाहिली नव्हती.

पत्नीने एकच विनंती केली. काम आतल्या खोलीत बसून करू द्यावे. आईला तेच अपेक्षित होते. ती हो म्हणाली आणि पुढच्या दारात गहू निवडत बसली, म्हणजे येणाराजाणारा तिच्यासमोरून जावा. त्या दिवसांत आमच्या घरी आलेल्या प्रत्येक माणसाला तिने उंबऱ्यावरच थांबवून काम विचारले. दूधवाल्यालाही.

टोपरे पूर्ण झाले. पत्नीने ते आईपुढे ठेवले आणि बाजूला उभी राहिली. मी कचेरीतून आलो होतो. अजून सदरा बदलला नव्हता. टोपरे सुरेख होते. माथ्यापासून निघालेले फेरे, काठाला बारीक कमानी, कानांवर लहान फुले. रुखवतातील रुमालांचा हात होता. आईने ते दारात नेऊन उजेडाकडे धरले आणि बोटाने फेऱ्यामागून फेरा पाहत गेली. एका कानाजवळ तिचे बोट थांबले. निळा तुकडा तेथे होता. दोन्ही गाठी खांबांच्या आत दडवलेल्या होत्या.

मला वाटले, संपले. आईला तसे वाटले नाही. तिने टोपरे उलटे केले, सुलटे केले, पुन्हा उलटे केले. मग मला पेटी उघडायला सांगितली. रुखवतातला एक रुमाल आणि दिवाळीचा फसलेला रुमाल तिने जमिनीवर शेजारी शेजारी पसरला. स्वतः विणलेले एक झाकणही आणले. क्रोशाचे गोल काम करताना प्रत्येक फेरा जिथे सुरू होतो तिथे सांधा राहतो, आणि फेऱ्यागणिक तो सांधा थोडा थोडा सरकत जातो. आईच्या झाकणात तो उजवीकडे कलत गेला होता. दिवाळीच्या रुमालातही उजवीकडे. टोपऱ्यात तो डावीकडे जात होता. रुखवताच्या रुमालातही डावीकडे.

आईने चारही सांध्यांवरून पुन्हा बोट फिरवले. मग तिने सुनेच्या हातांकडे पाहिले. ते हात ती इतके महिने पाहत होती. ते वाढतात कसे, पुसतात कसे, काही उचलून लपवतात का, हे पाहत होती.

तिने क्रोशाची सुई सुनेपुढे धरली. "डाव्या हातात धर."

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. तिने सुई डाव्या हातात घेतली. दोऱ्याचे टोक तेथेच पडले होते. तिने साखळी घातली आणि मग खांब. बोटे अशी चालू लागली की मला ती ओळखीची वाटेनात.

मग तिने थोडक्यात सांगितले. ती जन्माची डावरी. लहानपणी घरच्यांनी डावा हात बांधून ठेवून जेवणाचा, लिहिण्याचा, वाढण्याचा हात बदलला. सुई मात्र उजव्या हातात गेली नाही. सासरी डावा हात दिसला तर अपशकुनी म्हणतील, काही झाले तरी दिसू देऊ नकोस, असे तिच्या आईने निघताना बजावले होते. म्हणून डोळ्यांदेखत ती उजव्या हाताने विणत होती.

"आणि हलवा?" आईने विचारले.

"तोही याच हातानं."

आईने टोपऱ्यातला निळा तुकडा नखाने दाखवला. "हा कापून काढता आला असता."

"गाठ बोटाला लागली तेव्हाच कळलं," पत्नी म्हणाली. "काढला असता तर तुम्ही म्हणाला असता, टोपरं बाहेरून आलं. म्हणून ठेवला. गाठी तेवढ्या लपवल्या, बाळाच्या कानाला टोचू नयेत."

आईने फसलेला रुमाल उचलला आणि उसवायला घेतला. अर्धा उसवून झाल्यावर तिने विचारले, शिकवले कोणी. आत्याने, पत्नी म्हणाली. शेजारी बसून जमत नव्हते. आत्या समोर बसे, मग तिचा उजवा हात आरशातल्यासारखा दिसे आणि जमे.

"वाढताना उजवा," आई म्हणाली. "कुंकू लावताना उजवा. बाकी घरात काय करतेस ते चाळीला कळायचं कारण नाही."

मग ती उठली आणि तिने फळीवरचा डबा खाली काढला.

हळदीकुंकवाला पत्नी चंद्रकळा नेसली होती आणि अंगावर हलव्याचे दागिने होते. शेजारच्या बाई वाण घेऊन बसल्या आणि त्यांनी बाळासाठी ठेवलेले टोपरे पाहिले. कोणी केले, असे त्यांनी विचारले. सुनेने, आई म्हणाली. बाईंना दिवाळीचा रुमाल आठवत होता. त्यांनी तो विषय काढलाच. आईने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. तेव्हा सुई बोथट होती, असे तिने तोंडावरची रेषही न हलवता सांगितले. मी आईला खोटे बोलताना प्रथमच ऐकले. बाईंनी तिच्याकडे संशयाने पाहिले. आईने तशाच नजरेने त्यांच्याकडे पाहिले.

बोरन्हाणाला बहिणीच्या मुलाने ते टोपरे घातले आणि लगेच ओढून काढले.

संक्रांतीनंतर आईने दाराला जाड पडदा शिवला. उन्हासाठी, असे तिने चाळीत सांगितले. दुपारी तो ओढलेला असे. सुट्टीच्या दिवशी मी आत आलो की दोघी जमिनीवर समोरासमोर बसलेल्या दिसत, गुडघ्याला गुडघा लावून. टोपऱ्याच्या कमानी आईला येत नव्हत्या. सुनेची सुई डाव्या हातात, आईची उजव्या हातात. पडदा हलला की दोघी एकदम दाराकडे पाहत, आणि सुनेची सुई पदराखाली जाई. मी आहे असे दिसले, की ती पुन्हा बाहेर येई.