सगुणाकाकीचा घसरता सूर

सगुणाकाकीला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं, आणि तिच्या डोक्यात नऊ वर्षं एक इंग्रजी गाणं बसलेलं होतं.

मिऱ्यावर, समुद्रकाठच्या वाडीत, आमच्या शेजारचं घर तिचं. नवरा भिकाजी भाटकर मालवाहू बोटीवर मुख्य आचारी. वर्षातले नऊ-दहा महिने तो दर्यावर, काकी घरी एकटी. अठ्ठ्याहत्तर साली भिकाजीकाकाने जपानहून मोठा रेडिओ आणला. तो पडवीत लावून काकी दुपारभर कामं करायची. त्या मे महिन्यात आमसुलं उन्हात परतताना कुठलंसं परदेशी स्टेशन लागलं आणि एक बाई गायला लागली. मागे पियानो, आणि फुंकून वाजवायचं काहीतरी. बाई सावकाश गात होती, शेजारणीला घरातली गोष्ट सांगावी तशी. एका जागी सूर जिथं पोचायला हवा तिथं तिने नेलाच नाही, किंचित खाली सोडून दिला. काकी हातातलं काम विसरून उभी राहिली. पुढच्या पंधरा दिवसांत ते गाणं आणखी दोनदा लागलं आणि मग ते स्टेशनच सापडेनासं झालं. चाल मात्र काकीकडे राहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

देवळातल्या बायकांच्या भजनात काकी पुढे बसून गायची. मंडळाला शिकवायला आप्पा जोगळेकर यायचे. शहरात गाण्याचे वर्ग चालवणारे, पेटीवर बोट ठेवून प्रत्येकीचा सूर तपासणारे कडक गृहस्थ. एकदा भजन संपल्यावर काकी ती चाल गुणगुणत होती. आप्पांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. ती जागा आली तशी त्यांनी पेटीची एक पट्टी दाबली, मग तिच्या खालची दाबली, आणि म्हणाले की असं गाणं असूच शकत नाही, तुमचा सूर तिथं घसरतो.

काकी म्हणाली, "तो माजा नाय, आप्पा. त्या बायचा हाय."

बायका हसल्या. त्या दिवसापासून आप्पांना अभंगातही तिचा सूर घसरल्यासारखा वाटू लागला. पुढच्या एकादशीला काकी मागच्या ओळीत बसून नुसते टाळ वाजवत होती.

ती भांडली नाही. नवऱ्याला एवढंच म्हणाली, की ते गाणं मला आणून द्या.

आता भिकाजीकाका सुराच्या बाबतीत अगदी ठार बहिरा. आरतीतही नुसते ओठ हलवणारा. सिंगापूरला, हॅम्बुर्गला तो दुकानात शिरून सांगायचा, बाई आहे, हळू गाते, मागे पियानो आहे. दुकानदार देईल ते घेऊन यायचा. अशा अठरा कॅसेटी झाल्या. त्यानेच मागाहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर काकी प्रत्येक कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकायची आणि सांगायची, ही ती नव्हे. पण एकही टाकून दिली नाही. अठरामधल्या सात तर तिला फार आवडल्या. असल्या गाण्याला जॅझ म्हणतात हे काकाला बोटीवरच्या रेडिओ ऑफिसरने सांगितलं, काकाने काकीला आणि काकीने वाडीला.

सत्त्याऐंशीत सुट्टी संपवून काका निघाला तेव्हा तिने त्याच्या हातात एक कॅसेट ठेवली. आदल्या दुपारी दार लावून, तोंड मिटून, तिने ती चाल स्वतःच्या आवाजात भरली होती.

"तुमाला गाता येत नाय," ती म्हणाली, "तर मला घेऊन जावा."

अँटवर्पला बोट चार दिवस धक्क्याला होती. काका ट्रामने गावात गेला आणि विचारत विचारत गाण्यांच्या दुकानात पोचला. तिथं कॅसेटी मागच्या कपाटात गेल्या होत्या. पुढच्या फळ्यांवर सगळ्या सीड्या, प्लास्टिकच्या चौकोनी डब्यांत बशीएवढ्या चकचकीत चकत्या. काउंटरवर साठीचा, गळ्यात चष्मा अडकवलेला माणूस होता. काकाने वॉकमन काढला, 'माय वाइफ सिंगिंग' एवढंच म्हणाला आणि इयरफोन पुढे केले. माणसाने नाइलाजाने कानाला लावले. अर्ध्या मिनिटात तो खुर्चीतून उठला. टेप मागे नेऊन ती जागा पुन्हा ऐकली. मग शिडी लावून त्याने तीन सीड्या उतरवल्या. हे गाणं पुष्कळ जणींनी गायलंय, तो सांगू लागला, पण इथं असं खाली उतरणारी एखादीच.

पहिली सीडी लावून त्याने काकाला हेडफोन दिला. काकाने मान हलवली, आपल्याला यातलं कळत नाही. तेव्हा त्या माणसाने काकाच्या एका कानात काकीचा आवाज घातला, दुसऱ्या कानाला सीडी लावली आणि दोन्ही एकदम सुरू केली. पहिली जुळली नाही. दुसरी थोडी बरोबर चालली आणि मग वेगळ्या वाटेला लागली. तिसरीत दोघी बायका बरोबरीने चालत राहिल्या आणि त्या जागी आल्यावर एकदमच खाली उतरल्या. काका सांगायचा, जन्मात मला तेवढा एकच सूर कळला.

दुकानदाराने विचारलं, तुमची बायको गायिका आहे का?

"येस," काका म्हणाला.

त्या फेरीत घरी टीव्ही यायचा होता. त्याऐवजी सीडी वाजवणारा टेपरेकॉर्डर आला.

श्रावणात काकीने तो देवळात नेऊन आप्पांपुढे ठेवला आणि बटण दाबलं. आप्पांनी एकदा ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ते पेटीवर बोटं ठेवून बसले. ती जागा आली, त्यांनी एक पट्टी दाबली, दुसरी दाबली, आणि हात मांडीवर घेतला.

"सगुणाबाई," ते म्हणाले, "हा सूर दोन पट्ट्यांच्या मधला आहे. मी तो पेटीत शोधत होतो. चूक माझी."

गोकुळाष्टमीला काकी सगळ्यांच्या पुढे बसून गायली. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात तिने सूर अलगद खाली सोडला तेव्हा आप्पांनी पेटीचा भाता थांबवला आणि तेवढी जागा तिला मोकळी करून दिली. मंडपातली माणसं माना डोलवायला लागली. काका दाराशी उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, ती माझी बायको.

पुढच्या फेरीला काकीने आपल्या आवडत्या सात कॅसेटींतल्या चार चाली गुणगुणून, टेपवर भरून दिल्या. अँटवर्पच्या माणसाने चारही सीड्या बिनचूक काढल्या आणि पाचवी स्वतःच्या पसंतीची भेट म्हणून घातली. काकीने ती दोनदा ऐकली.

"आवाज गोड हाय," ती म्हणाली, "पण बाय घाईत हाय. परत द्या त्याला."

काका ती खरोखरच परत घेऊन गेला. दुकानदाराने निमूटपणे ठेवून घेतली आणि बदली दोन दिल्या, यातली कुठली ठेवायची ते तुमच्या बायकोला ठरवू द्या म्हणाला.