सरळ केलेली हाक
मोहफुलांचा गोड, उग्र वास आला की मला माझीच एक हाक आठवते. आमच्या रॉक बँडचं पहिलं गाणं चंद्रपूरच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड होत होतं. मोहफुलं वेचताना आम्ही बाया वाघाच्या धाकाने एकमेकींना हाका मारत राहतो आणि हेलावरून कोण ते ओळखतो; तशी हाक मी गाण्याच्या शेवटी घेतली होती. रेकॉर्डिंगवाले भाऊ कॉम्प्युटरवर रेघ दाखवत म्हणाले, "ताई, इथी सूर घसरून राह्यला होता, सरळ करून टाकला." ऐकून मी हरखले. इतकी सुरेल मी कधीच नव्हते. मग महिनाभर तसंच गायचा सराव केला. पुढे एका पहाटे आईसोबत जंगलात गेले. झाडांपलीकडून तिने हाक मारली, मी ओ दिली.  ती घाबरून म्हणाली, "कोन होय तिकडं?" "मीच होय ना, माय!" "मंग तुया आवाज असा काऊन येऊन राह्यला?" मी मुद्दाम सूर घसरवून पुन्हा ओ दिली. तीही आईला माझी वाटली नाही, आणि खरं तर मलाही. आता तिने हाक मारली की मी ओ देत नाही. चालत जाऊन तिच्यासमोर उभी राहते.