आज निळा दोरा

टेलरबाई नवीन कपडे शिवत नसे. तिचं काम दुरुस्तीचं. पॅन्टची लांबी कमी कर, कोट कमरेत सैल कर, बिघडलेली चेन बदल, फाटलेला खिसा लाव. किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी तिचं दुकान. आता दुकान म्हणजे काय, तर एक शिलाई मशीन, कापडाच्या कडा बांधायचं एक ओव्हरलॉकचं मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि या सगळ्याच्या मधे तिच्यापुरती जागा. हात मात्र असा की उसवलं कुठं होतं ते कपड्याच्या मालकालासुद्धा शोधून सापडू नये. दुखणं एकच. या बाईला 'नाही' म्हणता येत नसे.

म्हणजे अगदीच येत नसे हो! कुणी धापा टाकत आलं आणि म्हणालं, "टेलरबाई, आत्ताच्या आत्ता हवंय," की ही हातातली पॅन्ट बाजूला टाकून म्हणणार, "द्या की." पॅन्ट काळी, आलेला शर्ट पांढरा. मग काळा दोरा काढ, पांढरा ओव, खालच्या दोऱ्याची बॉबिन बदल, ओव्हरलॉकची सगळी रिळं उतरव आणि नवी चढव. तेवढ्यात तिसरी बाई हिरवा फ्रॉक घेऊन हजर. "यालाही जरा दोन टाके घाला ना." घातले! दिवसभर ही राबराब राबायची आणि दिवेलागणीला बघावं तर टेबलावर ढीग तेवढाच. बरं, ज्यांची कामं मागं पडायची ते येऊन चार शब्द सुनावून जायचे ते वेगळंच.

असंच एकदा तलावावरच्या बाई पोहण्याच्या पोशाखाचा तुटलेला पट्टा घेऊन आल्या. या बाई गावाच्या तरण तलावावर बायकांना पोहायला शिकवायच्या. उंचपुऱ्या, आवाज खणखणीत. पट्टा लावून होईपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही का येत नाही पोहायला? संध्याकाळी पाचला बायकांचा वर्ग असतो."

आणि टेलरबाई सवयीनं म्हणाली, "हो, येते की."

बाई निघून गेल्यावर तिला घाम फुटला. चाळिशी उलटलेली, पाण्याची सवय बादलीपुरती, आणि येते की? पण हो म्हणून बसली होती ना! मग गेली. ताणला जाणारा कपडा आणून स्वतःचा पोशाख स्वतःच शिवला, गुडघ्यापर्यंतचा, आणि जीव मुठीत धरून पायऱ्या उतरली. पाणी गळ्यापर्यंत आलं, बाईंनी पोटाखाली हात धरला, आणि पाय जमिनीवरून सुटले. काय सांगू तुम्हाला! दिवसभर मान मोडून बसणाऱ्या त्या देहाला कुणीतरी अलगद उचलून धरलं होतं. आयुष्यात हजार वेळा हो म्हणाली असेल, पण ज्याचा आनंद झाला असा हा पहिलाच हो. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी तरंगले!" तिनं हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्यानं हात जोडले.

पण तलावावरच्या बाईंचा एक नियम होता. पाच वाजले की दार बंद. मग कुणी रडो, कुणी भेको. आणि टेलरबाईचं पाचला काम कुठं संपायला? कधी शेवटच्या क्षणी कुणाची चेन, कधी कुणाचं बटन. धावतपळत जायची तर दार लागलेलं. पिशवी छातीशी धरून बाहेर उभी राहायची आणि आत पाणी उडाल्याचा, बायका खिदळल्याचा आवाज ऐकून परत फिरायची. त्यात बाईंनी एक दिवस सगळ्यांना सांगून टाकलं, "नवशिक्यांचा वर्ग या वर्षापुरताच आहे. शेवटच्या दिवशी जी खोल बाजू एकटीनं पार करेल, तिनंच पुढं येत राहायचं. बाकीच्यांना रामराम!"

टेलरबाईनं खोल बाजूकडं एकदा बघून घेतलं. आत्ता कुठं तरंगायला लागली होती. उथळ पाण्यात चार हात मारले की तिचे पाय आपोआप तळ शोधायचे. रोज गेल्याशिवाय खोल पाणी तिला जमणार नव्हतं, आणि रोज जायचं तर पाचच्या आत दुकान आवरायला हवं होतं.

नवरा छापखान्यात कामाला होता. रात्री जेवताना ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "अर्धा दिवस नुसता दोरे बदलण्यात जातो हो माझा!"

"मग एकेक रंग करत बस ना," तो घास मोडता मोडता म्हणाला. "आमच्याकडं लाल शाई चढवली की लाल छपाईची सगळी कामं उरकतात. मग मशीन धुवायचं आणि निळी चढवायची. दर कागदाला मशीन धुवत बसलो तर मालक मलाच धुवून काढेल."

टेलरबाईचा हात ताटातच थांबला. इतकी वर्षं हा माणूस शाईनं बरबटलेली बोटं घेऊन घरी येत होता आणि हे आज सांगत होता! तिला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी त्याचा मुका घ्यावासाही वाटला. त्या रात्री तिनं त्याला आणखी एक पोळी आग्रहानं वाढली, एवढ्यावर भागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर काळ्या कापडाची पट्टी लटकली. आज काळा दोरा! काळ्या पॅन्टी, काळे कोट, काळ्या छत्रीचा उसवलेला काठसुद्धा. मशीन जे सुरू झालं ते थांबेना. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, दोऱ्याला हात लावायचं कामच नाही. दुपारी तिनं मान वर केली तर ढिगातला काळा रंग संपलेला! ती खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि कुणी बघत नाही असं पाहून तिनं चक्क एक गिरकी घेतली. पलीकडून किल्लीवाला बघत होताच!

मग पांढऱ्याचा दिवस आला, निळ्याचा आला, आणि उरलेल्या सगळ्या रंगांचा मिळून एक रंगीबेरंगी दिवस. गल्लीनं आधी टवाळी केली. एक गृहस्थ तपकिरी पॅन्ट घेऊन आले आणि ती काळीच आहे म्हणून हुज्जत घालायला लागले, उन्हात जाऊन बघू म्हणाले, उन्हात गेले आणि तोंड पाडून परत गेले. पण हळूहळू लोकांच्या अंगवळणी पडलं. "आज पट्टी कुठली गं?" असं बायका एकमेकींना विचारायला लागल्या. सांगितलेल्या दिवशी कपडा तयार मिळायला लागल्यावर कोण कशाला कुरकुर करेल?

आणि टेलरबाई? तिच्या तर अंगात वारं भरलं होतं. घरातही तिनं धडाका लावला. नवऱ्याचे सगळे मोजे एकाच रंगाचे आणले, जोड्या लावायची भानगडच नको. कपाटातली रोजची भांडी खाली आणि वर्षातून एकदा लागणारी वर. भाजीसुद्धा एकदाच ढीगभर करून ठेवली. तीच भाजी सलग तिसऱ्यांदा पानात आली तेव्हा नवरा म्हणाला, "तुझ्या पाया पडतो, मला छापखान्यातलं काहीही विचारू नकोस यापुढं." तेवढी एक सुधारणा तिनं मागं घेतली.

दोऱ्यानं खरंच वेळ वाचला. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती, आणि ती टेलरबाईला मनातून ठाऊक होती. पूर्वी कुणी आयत्या वेळी आलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. आता ती दारावरच्या पट्टीकडं बोट दाखवायची. "आज पांढरा आहे हो. तुमचं रंगीबेरंगीच्या दिवशी." माणूस पट्टीकडं बघायचा, "बरं बरं" म्हणायचा आणि जायचा. ना राग, ना रुसवा. तिला नाही म्हणावंच लागत नव्हतं, पट्टीच परस्पर म्हणून टाकायची! रोज पाचला ती पाण्यात असायची. हात लांब पडायला लागले, श्वास जमायला लागला. खोल बाजू सुरू होते तिथल्या दोरीपर्यंत जाऊन ती दोरी धरायची आणि परत यायची. दोरीपलीकडं अजून गेली नव्हती.

शेवटचा दिवस उजाडला. निळ्याचा दिवस. सकाळपासून ती घड्याळाकडं बघत होती. टेबल रिकामं केलं, मशीनवर कापड घातलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि पाठीमागून हाक आली, "वहिनी!"

नणंद! घरातलं शेंडेफळ. या वहिनीनंच तिच्या वेण्या घातल्या, तिचे हट्ट पुरवले, तिला सासरी पाठवताना ढसाढसा रडलीही तीच. आजवर त्या पोरीला वहिनीकडून नकार म्हणून कसा तो ठाऊक नव्हता. आता तिच्या दोन्ही हातांत मावेना एवढं गाठोडं होतं.

"पडदे," ती धापा टाकत म्हणाली. "नव्या घराचे. सगळ्यांचे काठ दुमडायचेत. उद्या सकाळी माझ्या सासूबाई येतायत आणि खिडक्या उघड्या बोडक्या! आणि बघ, मी किती शहाणी झालेय. काल येणार होते, पण काल पांढरा होता ना? मुद्दाम आजवर थांबले. आज निळाच आहे ना?"

पडदे निळे होते. गर्द निळे. मशीनवर दोराही निळाच होता.

टेलरबाईनं दारावरच्या पट्टीकडं पाहिलं. पट्टी काही बोलेना. उलट तीच आता नणंदेच्या बाजूनं साक्ष देत होती. टेलरबाईच्या तोंडून 'हो' अर्धा बाहेर पडला, हातानं शटर पुन्हा वर केलं, मशीनवरचं कापडही निघालं. नणंद खुशीत स्टुलावर बसली. पहिला पडदा मशीनखाली गेला, सुई टेकली, आणि टेलरबाईच्या डोळ्यांसमोर ते बंद दार आलं. आज ते लागलं की कायमचंच लागणार होतं.

तिनं सुई वर घेतली. पडदा काढला, नीट घडी घातली आणि नणंदेच्या मांडीवर ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? दोरा संपला?"

"दोरा आहे. रंगही तोच आहे. पण मी करणार नाही. मला पोहायला जायचंय."

"पोहायला? तू?" नणंद आधी फिसकन हसली. मग वहिनीचं तोंड पाहून तिचं हसू मावळलं. "वहिनी, माझी सासू येतेय उद्या! आणि तू... तुला माझ्यापेक्षा पोहणं मोठं झालं?"

टेलरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. या पोरीला दुखवण्यापेक्षा बोटात सुई परवडली असती. पण ती म्हणाली, "आत्ता, या घटकेला, हो." शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि ती पळत सुटली. बाजारातून, भाजीच्या गाड्यांमधून, वयाची आणि चपलांची पर्वा न करता. मागून गाठोडं सांभाळत नणंदही पळत होती आणि ओरडत होती, "थांब! अगं वेडी झालीस का? वहिनी!"

बाईंचा हात दारावरच होता. टेलरबाई त्यांच्या हाताखालून आत घुसली. पोहण्याचा पोशाख तिनं दुपारीच कपड्यांच्या आत घालून ठेवला होता.

खोल बाजूचं पाणी गडद दिसत होतं. बाकीच्या काठावर ओळीनं बसल्या होत्या. तिची पाळी आली. बाईंची शिट्टी वाजली आणि तिनं अंग झोकून दिलं. दोरीपर्यंत हात सवयीनं पडत गेले. दोरी आली. धरावीशी वाटली. धरली नाही! पलीकडं गेली, आणि पाय तळ शोधायला खाली गेले. तळ नव्हताच. नाकातोंडात पाणी गेलं, ती खाली गेली, वर आली, पुन्हा खाली. आता संपलं, असं वाटलं तिला.

तेवढ्यात तलावाभोवतीच्या कठड्यापलीकडून एक किंकाळी आली, सगळा तलाव दणाणून सोडणारी. "वहिनी! पाय मार! मार पाय! अगं, मार ना!"

तिनं पाय मारले. कसे मारले ते तिचं तिलाच माहीत नाही. हात पुढं टाकला, पुन्हा टाकला, आणि बोटं खडबडीत भिंतीला लागली. काठावरच्या बायकांनी गलका केला. बाईंनी शिट्टी फुंकून फुंकून गाल फुगवले.

ती शिडी चढून वर आली. थरथर कापत होती. टॉवेलाची पिशवी दुकानातच राहिली होती, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तेवढ्यात कुणीतरी दार उघडलं आणि नणंद काठावरच्या बायकांना ढकलत आत आली. चेहरा रडून लालबुंद. तिनं गाठोडं सोडलं, एक कोरा करकरीत पडदा काढला आणि वहिनीच्या अंगाभोवती घट्ट गुंडाळला.

"अगं, नवीन आहे तो!" टेलरबाई म्हणाली.

"गप्प बस. मला वाटलं, गेलीस तू." नणंद पडद्याच्याच टोकानं तिचे केस खसाखसा पुसायला लागली. "सासूबाईंना सांगेन, उजेड चांगला येतो म्हणून पडदे लावले नाहीत. इतकी वर्षं कधी 'नाही' म्हणाली नाहीस गं, मला काय माहीत तुलाही काही हवं असतं?"

टेलरबाईला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. दोघी तशाच ओल्या उभ्या राहिल्या. मग नणंदेनं नाक ओढलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "वहिनी, परत एकदा जा ना. मघाशी मला नीट दिसलंच नाही, मी रडत होते."

टेलरबाईनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान डोलावली. तिनं पडदा नणंदेच्या हातात दिला आणि पुन्हा पाण्यात उडी मारली.